वॉर्सात दीड दिवस: १९४४ चा विध्वंस नेमका कुठे दिसेल?

सांजवात: मंगळवारची दुपार आणि अख्खा बुधवार हातात आहे. तिकिटं, ट्राम धरून दीडशे झ्लॉटी. गाईड नको. कुठे जावं?

भटक्या_७२: १९४४ त वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावाचं म्युझियम, बाकी काही नको. तीन तास धरा. मंगळवारी बंद असतं, तेव्हा बुधवारी उघडतानाच गाठा. उठाववाले ज्यातून ये-जा करायचे, त्या गटाराची आत प्रतिकृती आहे, वाकून जावं लागतं.

कुरकुरे_काका: खाजगी गाईड घ्याच. जुनं गाव तर सगळं नकली, १९५३ चं.

वीटभट्टी: काका, नकली म्हणूनच बघायचं. तिथल्या राजवाड्याच्या भिंतींना जर्मनांनी १९३९ लाच सुरुंगाची भोकं पाडून ठेवली होती. उडवला १९४४ च्या सप्टेंबरात. पुन्हा बांधलेल्या राजवाड्यात चित्रकार बेलोट्टोची अठराव्या शतकातली शहरचित्रं आहेत. घरं पुन्हा उभारताना ती चित्रं आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांची मोजमापाची रेखाटनं कामी आली. आधी चित्रं, मग जुन्या गावाचा चौक. सेंट जॉन कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत रणगाड्यासारखा पट्टा बसवलाय, तो चुकवू नका.

भटक्या_७२: गोलियाथचा पट्टा तो.

वीटभट्टी: पाटी तसं म्हणते. गोलियाथ म्हणजे तारेवर चालवायचा, गुडघ्याएवढा सुरुंग. त्याला एवढा रुंद पट्टा कुठला? बोर्गवर्डचा आहे, म्हणजे त्याहून मोठ्या स्फोटकं वाहणाऱ्या जर्मन गाडीचा.

रंकाळा: अवांतर: वॉर्सातल्या मोन्ते कासिनो लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या वळिवडे इथल्या पोलिश निर्वासित छावणीचं स्मारक आहे. वॉर्सातून पळालेले लोक आपल्याकडे आले होते.

वीटभट्टी: वॉर्सातून नाही हो. ते बहुतेक पूर्व पोलंडचे, सोव्हिएतांनी १९४०-४१ त सैबेरियाकडे नेलेले. उठाव झाला तेव्हा ते वळिवड्यातच होते.

कुरकुरे_काका: आणि त्याच सोव्हिएतांनी शहर म्हणे 'मुक्त' केलं! सप्टेंबरच्या मध्यापासून नदीपलीकडे प्रागा या वॉर्साच्याच भागात होते, या काठावर आले १७ जानेवारी १९४५ ला. मधल्या काळात, उठाववाल्यांच्या २ ऑक्टोबरच्या शरणागतीनंतर, जर्मनांनी माणसं बाहेर काढून रस्तेच्या रस्ते जाळले.

भटक्या_७२: म्युझियमला पुन्हा +१. पूर्ण आकाराचं लिबरेटर विमान टांगलंय. इटलीहून उठाववाल्यांना रसद टाकायला यायची ती.

कुरकुरे_काका: गाईड बघितलात का?

सांजवात: सगळ्यांचे आभार. म्युझियम गाळतेय. मंगळवारी राजवाडा आणि चौक, बुधवारी पुलावरून चालत प्रागा. पलीकडून हे शहर जळताना कसं दिसलं असेल, तो काठ बघायचाय.

वीटभट्टी: मग राजवाड्याखालचाच पूल धरा. खांब जुन्या केर्बेद्झ पुलाचे, जर्मनांनी १९४४ त उडवलेल्या. वरचा सांगाडा १९४९ चा. पुलावरून खांब दिसत नाहीत, काठावर उतरा.