मदत हवी आहे: अमेरिकन रिटेलर, जपानमध्ये पहिलं दुकान, जपानी टीम काही बोलतच नाही

खटपट्या_पुणे
लोकहो, अर्जंट आहे. आमचा क्लायंट अमेरिकन रिटेलर, नाव सांगता येणार नाही, जपानमध्ये पहिलं दुकान उघडतोय आणि प्लॅनिंग आम्ही पुण्यातून बघतो. मीटिंगमध्ये जपानी मंडळी माना डोलावतात, कोणी विरोध करत नाही, आणि नंतर महिना उलटला तरी पान हलत नाही. तिकडे अमेरिकेतून रोज मेल, साइन-ऑफ, म्हणजे अंतिम मंजुरी, का नाही म्हणून. सोमवारी कल्चरल चॅलेंजेसवर प्रेझेंटेशन आहे. नेटवर वाकून नमस्कार करा, कार्ड दोन्ही हातांनी द्या एवढंच मिळतं, ते नकोय. खरं काय अडतं ते सांगा.

निशिकासाईकर
विकता काय? किराणा, कपडे, फर्निचर? आणि स्वतःचं दुकान की जपानी पार्टनर? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

खटपट्या_पुणे
घरगुती सामान. साबण, डिटर्जंट, डबे वगैरे. पार्टनर आहे अर्थातच.

सदाशिव_रिटायर्ड
वॉलमार्टचं प्रकरण नीट अभ्यासा, दुसरं काही लागणार नाही. २००२ मध्ये सेइयू या जपानी सुपरमार्केट साखळीत थोडा हिस्सा घेतला, २००५ मध्ये बहुमत, २००८ मध्ये पूर्ण मालकी. जगात चाललं ते सूत्र तिथेही लावलं, रोज कमी भाव, सेल नाही. पण जपानी गृहिणी वर्तमानपत्रातून येणाऱ्या चिराशी, म्हणजे जाहिरातीची पत्रकं, पसरून कुठे आज अंडी स्वस्त, कुठे मासे, हे बघून दुकान ठरवते. रोजच कमी भाव म्हटलं की तिला मालात खोट वाटते. वर २००४ मध्ये दीड हजारावर लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली, जिथे माणूस एकाच कंपनीत आयुष्य काढायचा तिथे. शेवटी २०२० मध्ये बहुतेक हिस्सा केकेआर ही गुंतवणूक कंपनी आणि राकुतेन ही ऑनलाइन विक्री कंपनी यांना विकायचं जाहीर करून मोकळे झाले.

घाऊकवाला
काका, हे अर्धंच झालं. कॉस्टको बघा, १९९९ मध्ये फुकुओकाजवळ हिसायामाला पहिलं दुकान, तेच अवाढव्य पॅक, तीच मेंबरशिप फी, आवडलं नाही तर पैसे परत, काही बदललं नाही आणि आज तीसहून जास्त दुकानं आहेत. लोक मैत्रिणींबरोबर जाऊन पाव-चीज वाटून घेतात, आणि कॉस्टकोचाच माल फोडून थोडाथोडा विकणारी वेगळी छोटी दुकानं निघाली आहेत. म्हणून खटपट्या, काही बदलू नका, अमेरिकन म्हणूनच जा.

सदाशिव_रिटायर्ड
कॉस्टकोला लोक गाडी काढून सहलीला जावं तसे जातात. सेइयू म्हणजे घरी जाताना स्टेशनजवळ पडणारं दुकान. दोन्हींना एक नियम कसा लागेल?

घाऊकवाला
मग स्टारबक्स? १९९६, टोकियोतलं गिंझा. तेव्हा जपानी कॉफीच्या दुकानात धूरच धूर असायचा, यांनी सिगारेट बंद ठेवली, सगळे म्हणाले चालणार नाही. चाललं की!

अनघा_टी
स्टारबक्सने साझाबी हा जपानी भागीदार घेतला होता हेही सांगा. खेळण्यांच्या टॉइज आर असनेही जपान मॅकडोनाल्ड्सच्या देन फुजितांना २० टक्के देऊन बरोबर घेतलं. मोठ्या दुकानांच्या कायद्यामुळे आसपासच्या दुकानदारांचा विरोध वर्षानुवर्षं भोवायचा, १९९१ च्या डिसेंबरात कुठे इबाराकीत पहिलं दुकान उघडलं. तो कायदा २००० मध्ये गेला.

रानवारा
आयकियाही एकदा जाऊन परत आलं ना, १९८६ ला बाहेर, २००६ ला पुन्हा.

घाऊकवाला
आयकिया स्वीडिश आहे. धागा अमेरिकन रिटेलरचा आहे.

भाषाप्रेमी
जपानी शिकायचं असेल तर एन-५ पासून, म्हणजे जपानी परीक्षेच्या सर्वांत सोप्या पातळीपासून, सुरुवात करा, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात सेंटर आहे. कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, रोज दहा पाठ करा.

खटपट्या_पुणे
भाषेचं कुणी विचारलं नाहीये. साइन-ऑफ का मिळत नाही ते सांगा ना कोणीतरी!!

निशिकासाईकर
तेच सांगतो. मीटिंगमध्ये निर्णय होत नसतो, आधीच झालेला जाहीर होतो. तुमचा कागद त्याआधी काचो म्हणजे सेक्शन प्रमुख, मग त्याचा वरचा, मग गोदामवाला, खरेदीवाला, प्रत्येकाच्या टेबलावरून एकेकट्याने फिरायला हवा. प्रत्येकाची अडचण आधीच ऐकून घ्यायची, याला नेमावाशी म्हणतात. डेक, म्हणजे स्लाइड्स, कधी पाठवता? कोणत्या भाषेत?

खटपट्या_पुणे
आदल्या रात्री जातो, अमेरिकेतून फायनल झाल्यावर. इंग्लिशमध्ये. जनरल स्टाफला येतं की इंग्लिश.

निशिकासाईकर
मग ज्याने तो कागद आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? साहेबाची लाज जाईल म्हणून गप्प बसतो. आणि पॅक केवढे आहेत?

खटपट्या_पुणे
अमेरिकेत विकतात तेच. डिटर्जंटचा मोठा जग, हँडलवाला.

निशिकासाईकर
इथे बसलं बघा. आमच्याकडे टोकियोत लोक सायकलवरून रोज थोडं थोडं आणतात, पुढच्या टोपलीत मावेल एवढं. डिटर्जंटची बाटली एकदा घ्यायची, मग रिफिलचे पाउच. सिंकखालची जागा वीतभर, आणि रिकामा जग वॉर्डाच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या वारीच टाकायचा. आणि डब्याचा कोपरा चेपलेला असला तर दुकानातला माणूस तो समोर मांडतच नाही, मांडला तर गिऱ्हाईक हात मागे घालून आतला काढतं. तुमच्या जपानी टीमला हे सगळं माहीत आहे, कोणीतरी एकेकट्याला विचारलं पाहिजे.

रानवारा
अवांतर: जपानच्या कॉस्टकोत तूरडाळ मिळते का? वहिनी जाणार आहेत ऑक्टोबरात.

निशिकासाईकर
डाळीसाठी टोकियोत आमच्या निशिकासाईतली भारतीय दुकानं आहेत, सगळं मिळतं, काळजी नको.

खटपट्या_पुणे
पाउच करायला अमेरिकावाले तयार होणार नाहीत, नवी लाइन लागते म्हणतात.

सदाशिव_रिटायर्ड
मग त्यांना सेव्हन इलेव्हनचं सांगा. १९७४ मध्ये टोकियोत तोयोसूला पहिलं दुकान, लायसन्स अमेरिकन, पण इतो-योकादो या जपानी रिटेलरवाल्यांनी ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, दिवसातून अनेकदा थोडाथोडा ताजा माल, असं सगळं आपल्या पद्धतीने बसवलं. १९९१ मध्ये याच जपान्यांनी अडचणीत आलेल्या अमेरिकन मूळ कंपनीचा मोठा हिस्सा घेतला. ही स्लाइड पहिली ठेवा.

घाऊकवाला
आणि दुसरी कॉस्टकोची.

निशिकासाईकर
दोन्ही ठेवा, पण सोमवारच्या आधी काचोंना जपानी भाषेत एक पानाची चिठ्ठी आणि दोन नमुने पाठवा, जग आणि कुठलाही तिथलाच पाउच. कोणता चालेल आणि का, एवढंच विचारा. उत्तर लेखी येईल, ते अमेरिकेला पुढे पाठवा.

खटपट्या_पुणे
आजच कुरिअर करतो. चिठ्ठी जपानीत कोण तपासून देईल? भाषाप्रेमी, तुम्ही?

भाषाप्रेमी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री बघतो.