मदत हवी आहे: थायलंडच्या क्राबीत क्लाइंबिंग आणि कयाक, चार दिवस
डिसेंबरात आम्ही सहा जण क्राबीला जातोय. मुक्काम तिथल्या रायले या किनाऱ्यावर. तिथे रस्ता नाही, जवळच्या आओ नांग गावाहून लाँगटेल (लांब शेपटीच्या लाकडी) बोटीनेच जायचं. ओहोटीत पूर्वेकडे नुसता चिखल उघडा पडतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर उतरू. गुडघाभर पाण्यातून सामान डोक्यावर घ्यावं लागलं तरी चालेल.

चौघे नवशिके, त्यामुळे सुरुवात वन-टू-थ्री वॉल या सोप्या कड्यावर. खरी काळजी बोल्टची, म्हणजे दोर अडकवायला खडकात बसवलेल्या खुंट्यांची आहे. समुद्राकाठच्या चुनखडीत स्टीलचे बोल्ट वरून धड दिसतात आणि आतून गंजून तुटतात. टायटॅनियमचे बोल्ट असलेल्याच रूटवर (चढाईच्या वाटेवर) नेणारा गाइड कुणाच्या माहितीत आहे का?

कयाक चालवायला क्राबीजवळच्या आओ थालेनला जाणार आहोत. तिथल्या खारफुटीतल्या अरुंद वाटांत पाणी कमी असलं की कयाक रुततं. पौर्णिमेच्या सुमारास सकाळची भरती किती वाजता असते? क्लाइंबिंग धरणारा प्रवास विमाही सुचवा.