बारा वर्षांनी कन्फेशन : तयारी कशी करायची?

तापीकाठ
ईस्टरच्या आधी कन्फेशन (फादरसमोर पापांची कबुली) करायचं आहे. शेवटचं होऊन बारा वर्षं झाली. पश्चात्तापाची प्रार्थना मराठीत आठवत नाही. आमचे फादर (कॅथलिक धर्मगुरू) केरळचे, त्यांची मराठी कामापुरती. चर्चला घरं जेमतेम तीस, म्हणजे आवाजावरूनच ओळखणार. आणि बारा वर्षांचं मोजायचं तरी कसं? जाणकारांनी सांगावं.

गिरणाथडी
भाऊ, मोजणीपासून सुरुवात करू, कारण लोक तिथंच अडतात आणि मग कन्फेशन पुढच्या वर्षावर जातं. नियम (कॅनन ९८८; कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम) असा की गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची, पण नीट आठवून पाहिल्यावर जेवढी आठवतील तेवढीच. नेमका आकडा नसेल तर ‘हे साधारण पाच वर्षं, महिन्यातून दोन-तीनदा’ एवढं पुरतं. गंभीर म्हणजे गोष्ट मोठी, ती चूक आहे हे माहीत होतं आणि तरी स्वखुशीने केली. तिन्ही हवं. बारीकसारीक पापं सांगणं चांगलं, सक्ती नाही.

आदल्या रात्री दहा आज्ञा समोर घेऊन बसा. एक सावधगिरी : आज्ञांचे आकडे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पुस्तकांत वेगळे असतात. आपल्याकडे निम्मं गणगोत अलायन्स या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, त्यांचीच पुस्तिका हाताशी लागते. आपली सहावी आज्ञा व्यभिचाराची, त्यांची सहावी खुनाची. तेव्हा ‘सहावी मोडली’ असं आकड्यात सांगू नका, पापाचं नाव घ्या.

तिसरीत, म्हणजे रविवार पाळण्याच्या आज्ञेत, लोक विनाकारण घाबरतात. ज्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदा येतात, तिथल्या माणसाने उरलेल्या रविवारांचा हिशेब मांडू नये. मिस्साच (चर्चमधली उपासना) नव्हती तर चुकवली कशी? गावात मिस्सा असताना झोपून राहिलात तर मात्र सांगा.

खरी गोम सातवीत, चोरीच्या आज्ञेत. मापात पाप. कापसावर पाणी मारून वजन वाढवलं, नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याचा बांध कोरला, मजुराची हजेरी कापली. ‘चोरी केली’ म्हणून इथं भागत नाही, भरपाईही करावी लागते. बांध होता तिथं न्यायचा, मजुराचे पैसे मजुराला. परत करताना तोंड दाखवलंच पाहिजे असं नाही, पैसे दुसऱ्याच्या हाती पोचवले तरी चालतं. कापूस कोणाकोणाला विकला हे सापडत नसेल तर फादरना विचारा. तेवढी रक्कम गरिबांना देणं ही नेहमीची वाट. परत द्यायचंच नाही असं मनात धरून गेलात तर पश्चात्ताप कसला?

जंक्शन_प्लॅटफॉर्म
आता आत गेल्यावरचं. गुडघे टेका (दुखत असतील तर बसा), क्रुसाची खूण करा, आणि म्हणा : ‘फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन बारा वर्षांपूर्वी. मी विवाहित आहे, शेती करतो.’ लग्न आणि धंदा का सांगायचा? कारण त्यावर पाप बदलतं. अविवाहिताचं आणि विवाहिताचं तेच कृत्य एक नव्हे. मग सर्वांत जड पाप पहिलं. शेवटी ठेवलेलं जिभेवर येत नाही, हा नियमच समजा. संपल्यावर ‘ही आणि विसरलेली सगळी पापं, यांची क्षमा मागतो’ म्हणा.

फादर प्रायश्चित्त सांगतील, मग पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर अडत नाही. विधीतच छोटी प्रार्थना आहे : ‘प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ त्यानंतर फादर हात पुढे करून क्षमेचे शब्द म्हणतात. त्यावर ‘आमेन’ म्हणा आणि तोवर उठू नका. प्रायश्चित्त ऐकलं की संपलं असं वाटून माणूस क्षमा घ्यायच्या आधीच पडद्याबाहेर येतो, हे फार होतं.

भाषेचं : हिंदीत सांगा, किंवा साध्या मराठीत, सावकाश. ‘भानगड’, ‘लफडं’ फादरना कळणार नाही. ‘व्यभिचार’ कळेल, तो शब्द मल्याळममध्येही आहे. ज्यांना फक्त आहिराणी किंवा पावरी येते त्यांना दुभाषा घ्यायची मुभा आहे (कॅनन ९९०), आणि दुभाष्यालाही गुप्तता बंधनकारक. पण आधी ती बोली जाणणारे दुसरे फादर शोधावेत.

सातपुड्याची_सावली
ओळखण्याची भीती. गुप्ततेचा थेट भंग करणारा फादर त्याच क्षणी चर्चबाहेर टाकला जातो आणि ती शिक्षा फक्त रोमच उठवू शकतं (२०२१ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यात कॅनन १३८६). त्याहून कामाचा नियम ९८४ : ऐकलेलं तुमच्या विरोधात वापरायचंही नाही. म्हणजे पॅरिश कौन्सिलमधून (चर्चच्या सल्लागार समितीतून) तुमचं नाव त्यावरून गाळता येत नाही. तरी संकोच वाटत असेल तर कुठल्याही अधिकृत फादरकडे जाता येतं. भुसावळ-जळगावहून रेल्वेने नाशिकरोड गाठा, बाळ येशूच्या तीर्थस्थानी तुम्हाला कोण ओळखतो! फक्त फेब्रुवारीतल्या यात्रेची गर्दी टाळा, आणि कन्फेशनची वेळ आधी विचारा.

दोन गैरसमज. मिस्साच्या सुरुवातीला सगळे मिळून पापकबुली म्हणतात, ते कन्फेशन नव्हे. पवित्र सप्ताहाआधी (ईस्टरच्या आधीचा आठवडा) सामूहिक प्रायश्चित्त विधी असतो, त्यातही प्रार्थना एकत्र पण पापं एकेकट्यानेच सांगायची.

लाजेने एखादं गंभीर पाप जाणूनबुजून दडवलं तर सगळंच कन्फेशन फुकट, बाकीचं सांगितलेलंही. खरोखर विसरलं असेल तर त्याची क्षमा झालीच, पुढच्या वेळी उल्लेख करा. आणि सासूची, भावाची, सरपंचाची पापं आपल्या खात्यावर वाचू नका. रांगेतला सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

लग्न चर्चबाहेर, नुसतं कोर्टात झालं असेल तर मात्र आधी फादरना ऑफिसात वेळ मागून भेटा. तो गुंता रांगेत उभं राहून सुटत नाही.

तापीकाठ
उपकार. लग्न चर्चमधलंच आहे. कागदावर लिहून नेलं तर चालेल? आणि गुड फ्रायडेला कन्फेशन मिळतं का?

गिरणाथडी
मिळतं, शुक्रवारीही आणि शनिवारीही. पण तेव्हा फादर एकटे आणि रांग दारापर्यंत. बारा वर्षांचं घाईत उरकू नका, झावळ्यांच्या रविवाराच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधलाच आठवडा गाठा आणि ‘अर्धा तास लागेल’ असं फोनवर सांगून ठेवा. फोनवर वेळच ठरवा, फोनवर कन्फेशन होत नाही.

कागद चालतो. मोबाइलमध्ये लिहू नका, मध्येच रिंग वाजते. नावं घालू नका, खुणेचे शब्द पुरेत. बाहेर पडताना तो बाकावर राहतो, म्हणून खिशात घाला आणि घरी चुलीत टाका. प्रायश्चित्त नीट ऐकू आलं नाही तर तिथंच पुन्हा विचारा. नंतर शोधत गेलात तर फादरनाही आठवणार नाही.