मदत हवी आहे: पेठेचं पुढचं चित्र लोकांनी मिळून ठरवलंय, आता ते तडीस न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा लांब झालंय पण पूर्ण वाचा.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, नदीकडच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्यात लहान पोरालापण पाठ असतंय. २०१९ ला आणि परत २०२१ ला घर रिकामं करून पाहुण्यांकडं जाऊन राहिलो. तेव्हा कुणाला बोलवायला लागलं नाही, तालमीची पोरं आपापली पाण्यात उतरली. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी पण लोक असेच रस्त्यावर आले होते. म्हणजे कोल्हापुरात माणसं येत नाहीत असं अजिबात नाही, पण पाणी ओसरल्यावर "दहा वर्षांनी आपली पेठ कशी पाहिजे ते बसून ठरवूया" म्हटलं की सगळ्यांना कामं असतात.

पहिली बैठक तालमीत घेतली. चौदा जण आले, सगळे बाप्ये. तासभर पार्किंग आणि पत्रकावर कुठल्या मंडळाचं नाव वर घालायचं ह्यावरच बोलणं झालं. बायका तालमीत येऊन बसणार नाहीत हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.

मग आत्ती म्हणाली, देवळासमोर रांगोळीनं पेठेचा नकाशा काढूया. रविवारी सकाळी काढला, गल्ल्या पांढऱ्या, नदी निळी. पाणी आणायला, देवाला आलेल्या बायका थांबायला लागल्या. एक आजी नकाशाजवळ खाली बसल्या, म्हणाल्या, "इथनं न्हाई बाळा. नदी मागनं येती, आधी ह्या बोळातल्या गटारीतनं पाणी वर येतंय," आणि कुंकवाची चिमूट नेमकी त्या तोंडावर ठेवली. मग जिथं रात्री अंधार असतो तिथं कुणी हळद टाकली, पोरांनी खेळायच्या जागेवर खडे ठेवले. माझा जन्म इथला, पण त्या बोळातून पाणी आधी येतं हे मला त्या दिवशी कळलं. सगळं वहीत उतरवलं, सतरा गोष्टी निघाल्या.

अडलंय ते इथून पुढं. त्या सतरातल्या काही आपल्या आपण करण्यासारख्या आहेत, उदा. पुरात आधी कुणाच्या घरातनं म्हातारी, आजारी माणसं हलवायची त्याची यादी. बाकीच्यांना पालिका लागणार. एका कार्यालयात निवेदन देऊन आलो, पोच घेतली नाही ही चूक माझीच, परत गेलो तर तिथले साहेब बदललेले आणि कागद सापडेना. पुढच्या बैठकीला नऊच जण. आजी वाटेत भेटल्या, "लिवून नेलास, पुढं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही, हे फार लागलंय.

२००९ ला राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागातली कामं स्वतः बसून सुचवायची. आपल्याकडं नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर कितीतरी वर्षं प्रशासकच होते, त्यामुळं विचारायचं कुणाला हेच लोकं विसरली. कुणाच्या भागात अशी सभा खरंच भरलीय का? आणि भाडेकरू, नवीन अपार्टमेंटवाले ह्यांना कसं आणायचं?

रंकाळ्याचा शेजारी: दादा, सतरा एकदम काढू नका. ती बोळातली गटार एकच धरा, पावसाळ्याआधी साफ करून घ्या आणि आजींना सोबत नेऊन दाखवा. निवेदन कायम दोन प्रतीत, एकीवर आवक नंबर आणि शिक्का. त्याचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारलं तर ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतंय. पुण्यात २००६ पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं मागवतात, पण तेपण बजेटच्या कितीतरी आधी. तुमची यादी दिवाळीच्या सुमारास गेली पाहिजे, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही.

सध्या पुण्यात: अमेरिकेत चट्टानूगा म्हणून गाव आहे, तिथं १९८४ ला सतराशेच्या आसपास लोकांनी मिळून शहरासाठी ४० उद्दिष्टं ठरवली. पाडायला निघालेला जुना पूल लोकांनी वाचवला, १९९३ ला तो चालणाऱ्यांसाठी खुला झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच १९९३ ला लोकांना परत बोलावून पुढचं काय ते विचारलं. तुम्हीपण दर तीन महिन्यांनी तीच रांगोळी त्याच जागी काढा, झालेल्या कामावर फूल ठेवा. भाडेकरूंचं म्हणाल तर वेळ बदलून बघा, आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा रात्री नऊच्या आत घरीच नसायचो आणि आम्हाला कुणी बोलवायचंपण नाही.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. फुलाचं आत्तीला सांगितलं, ती लगेच तयार झाली. गटारीचं निवेदन सोमवारी दोन प्रतीत देतोय, आजी सोबत येते म्हणाल्यात. क्षेत्रसभेचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. सांगली, इचलकरंजी, कुठलीही असो, अनुभव असेल तर अर्ज कुणाच्या नावानं केला तेवढं तरी लिहा.