मदत हवी आहे: वेब सर्व्हिसचा इनिट (सुरुवातीची तयारी करणारं फंक्शन) दर कॉलला चालतो, पावती नंबर परत १

जिनिंग_वणी : कापूस तोलाईची वेब सर्व्हिस आहे. इनिटमध्ये डेटाबेस कनेक्शन आणि पावतीचं काउंटर. दोन वजनकाट्यांवरून कॉल येतात, प्रत्येक पावतीवर नंबर १. लॉगमध्ये इनिट सारखा दिसतो. उद्या सकाळी गाड्या लागतील, लवकर सांगा.

वऱ्हाडी_जावा : भाऊ, फ्रेमवर्क कोणतं, म्हणजे सर्व्हिस कशावर बांधली? स्कोप काय दिला, म्हणजे सर्व्हिसचा ऑब्जेक्ट किती वेळ टिकतो?

जिनिंग_वणी : टॉमकॅट. सर्व्हिस चालते हो, फक्त नंबर चुकतो.

वऱ्हाडी_जावा : टॉमकॅट तर सर्व्हर झाला. आत काय, ॲक्सिस-२ की जर्सी? सर्व्हिसेस डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाईल पाहा.

जिनिंग_वणी : ॲक्सिस-२. स्कोप काहीच लिहिलेला नाही.

वऱ्हाडी_जावा : मग तेच. स्कोप लिहिला नाही तर रिक्वेस्ट धरला जातो. दर कॉलला नवा ऑब्जेक्ट, नवा इनिट, काम झालं की डिस्ट्रॉय (आवराआवर करणारं फंक्शन). स्कोप ॲप्लिकेशन करा, म्हणजे सगळ्या कॉलला एकच ऑब्जेक्ट.

कोडकट्टा : एवढ्यापेक्षा स्प्रिंग बूट हे दुसरं फ्रेमवर्क घ्या. तिथं बीन (फ्रेमवर्कनं सांभाळलेला ऑब्जेक्ट) मुळातच सिंगलटन, म्हणजे एकच असतो.

वऱ्हाडी_जावा : उद्या तोलाई हाय अन् तुमी आज घर पाडाले सांगता!



मागचा_बाक : नुसता स्कोप बदलून भागणार नाही. एकच ऑब्जेक्ट, दोन काटे एका वेळी. साधं प्लस-प्लस करून नंबर एकानं वाढवला तर दोन गाड्यांना एकच नंबर लागू शकतो. कनेक्शनही एकच वाटू नका, पूल (तयार कनेक्शनांचा साठा) ठेवा. आणि वीज गेली तर डिस्ट्रॉय चालतच नाही, मेमरीतला नंबर गेला. नंबर डेटाबेसनंच द्यावा.

वऱ्हाडी_जावा : ॲटॉमिक इंटिजर (एका वेळी एकालाच वाढवू देणारा आकडा) लावला का झालं.

मागचा_बाक : लाईन गेल्यावर तो कुठून आठवणार?



जिनिंग_वणी : स्कोप ॲप्लिकेशन केला, इनिट एकदाच आला. पण सर्व्हर सुरू केल्यावर नाही, पहिल्या काट्याचा कॉल आला तेव्हा. ती गाडी खोळंबते.

वऱ्हाडी_जावा : त्याच फाईलमध्ये लोड-ऑन-स्टार्टअप पॅरामीटर ट्रू करा, म्हणजे इनिट सर्व्हर सुरू होतानाच चालेल.

मागचा_बाक : किंवा ॲक्सिस-२ च्या सर्व्हिस-लाईफसायकल इंटरफेसचं स्टार्टअप फंक्शन वापरा, ते सर्व्हिस डिप्लॉय होताना (सर्व्हरवर चढताना) चालतं. फक्त त्याचा ऑब्जेक्ट वेगळा असतो, त्यातले व्हेरिएबल सर्व्हिसला दिसत नाहीत. म्हणून पूल कॉन्फिगरेशन कॉन्टेक्स्टमध्ये (दोघांनाही दिसणाऱ्या सामायिक जागेत) ठेवा. डेटाबेस कोणता?

जिनिंग_वणी : मायएसक्यूएल.

मागचा_बाक : मग पावतीच्या कॉलमला ऑटो-इन्क्रिमेंट द्या (डेटाबेस आपोआप पुढचा नंबर देतो), काउंटर काढून टाका. नोंद इन्सर्ट झाल्यावर जनरेटेड की, म्हणजे डेटाबेसनं दिलेला नंबर वाचा आणि तोच छापा.