पुरात घर न सोडणारे हट्टी असतात का?

कृष्णाकाठ: काल इथं एकाने लिहिलं, "प्रशासन आधी सांगतं, शाळेत सोय करतं, तरी लोक हलत नाहीत आणि मग बोटी पाठवा म्हणून रडतात. पुढच्या वेळी नोटीस देऊन सोडून द्यावं." डोकंच फिरलं वाचून.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. ऑगस्ट २०१९ ला गल्लीत पाणी शिरलं तेव्हा दावणीला चार म्हशी आणि एक रेडी. हायस्कुलात चला म्हणून सांगून गेले, पण जनावरांचं काय, तर उत्तरच नाही. दूध डेअरीला घालून ज्यांचं घर चालतं ते म्हशी पाण्यात सोडून कसे निघतील? शेवटी गुडघाभर पाण्यात बाबा दावी सोडायला गेले, तर गाठी भिजून अशा आवळलेल्या की हाताने सुटेनात, कोयत्यानं कापली. दोन म्हशी परत मिळाल्या. रेडी नाही मिळाली.

आणि शाळेतली सोय म्हणाल तर एका वर्गात नऊ घरं, मध्ये बेंच उभे करून आडोसा, सगळ्यांत मिळून दोन संडास. माझी चुलती दिवसभर पाणी पीत नव्हती, का ते तुम्हीच समजा.

बोटीवरचा: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा मी स्वयंसेवक म्हणून बोटीवर होतो. त्याच गल्ल्या, तीच घरं, सकाळी "नको" आणि रात्री अंधारात फोन. २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटून लोक गेले ते विसरलात? बोटीवरच्याला घरदार नसतं का?

कृष्णाकाठ: ब्रह्मनाळ विसरायला आम्ही काय परके आहोत? पण लोक शेवटच्या क्षणाला बोटीत का चढतात तेच तर सांगतोय! आधी जायला जनावरांसकट जागा द्या, लोक दोन दिवस आधी निघतील.

सांगलीवाडी: छावण्यांवर किती बोलणार, मूळ दुखणं खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं अलमट्टी धरण आहे, त्याचा फुगवटा मागं येतो. पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात तरच आमची ही गत, आता ५२४ च्या वर न्यायचं चाललंय. सांगलीत आयर्विन पुलाला धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला ५७ च्या वर गेलं पाणी, माझं दुकान माळ्यापर्यंत बुडालं.

पाटबंधारे_निवृत्त: २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल वाचा आधी. त्या पुराला अलमट्टी कारण नाही असं त्यात आहे. पाऊस भयंकर झाला आणि पूररेषेत बांधकामं आपणच केली.

सांगलीवाडी: अहवाल तुमच्यापाशी ठेवा!! पाणी चढलं की उतरत का नाही ते सांगा. दहा दिवस दुकानात चिखल होता माझ्या.

पाटबंधारे_निवृत्त: नदीला उतारच कमी आहे तिथं. आणि उंची वाढवायला माझाही विरोधच आहे, उगाच मला कर्नाटकचा करू नका.

औसेकर: अलमट्टीचा वेगळा धागा काढा राव. मी किल्लारीच्या भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, मी तेव्हा सातवीत. तात्पुरते म्हणून पत्र्याचे शेड दिले, उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नव्हतं, आजीला ओल्या साडीत गुंडाळून बाहेर लिंबाखाली निजवायचो. तुमचं पाणी आठ-दहा दिवसांत ओसरतं, आम्ही त्या "तात्पुरत्या" शेडात दोन उन्हाळे काढले. सोय केली म्हणणाऱ्यांनी त्या पत्र्याखाली एक दुपार काढावी.

बोटीवरचा: बरं, जनावरांचा मुद्दा मान्य. संडासाचाही. रागात "सोडून द्यावं" लिहिलं ते चुकलं. पण जनावरांची सोय असूनही न हलणारी घरं मी डोळ्यांनी बघितलीत, त्यांना सक्तीनं बाहेर काढावं हे मी म्हणणारच.

कृष्णाकाठ: काढा, पण म्हस आधी काढा, मालक आपोआप मागनं येतो. आमच्याकडं उंचावरच्या गायरानात पत्र्याचा निवारा, वैरणीचा साठा आणि बायकांसाठी वेगळे संडास पावसाळ्याआधी करा म्हणून ग्रामसभेत अर्ज दिलाय. तुमची बोटीवरची माणसं त्या सभेला आली तर सरपंच जरा ऐकेल.

बोटीवरचा: तारीख कळवा. येतो.

सांगलीवाडी: आणि अलमट्टीचं काय ते कुणीच बोलेना.