मदत हवी आहे: वयाची ऑनलाइन पडताळणी मुलांना खरोखर वाचवते का?

ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना वापरकर्त्याचे वय काटेकोरपणे तपासणे बंधनकारक झाले. ‘मी १८ वर्षांचा आहे’ एवढे टिचकवून आता भागत नाही, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड असे काहीतरी लागते. मात्र तपासणी सुरू होताच तिथे व्हीपीएन ॲप्सची (आपण कोणत्या देशातून इंटरनेट वापरतो ते लपवणाऱ्या) मागणी एकाएकी वाढली. अशी दृश्ये लहान मुलांसमोर नकळत येणे कमी होईल, हे मला पटते. मुद्दाम शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ही तपासणी अडवेल असे वाटत नाही. शिवाय ओळखपत्राची प्रत अशा ठिकाणी देणे (मोठ्यांनीही) धोक्याचेच. ओळख उघड न करता वय सिद्ध करणारी पद्धत कोणी वापरली आहे का, आणि मुलांच्या फोनवर किंवा राउटरवर फिल्टर लावणे त्याहून परिणामकारक ठरते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.